मिरीची ढुशी

३ फेब्रुवारी

शेवटची नोंद गेल्या जूनमधली आहे आणि तिच्याखाली माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'आता रोज लिहायचंच.' त्याला आठ महिने झाले. वहीची माफी मागणं हास्यास्पद आहे हे कळतं, तरी मागतो. कारणं सांगायची तर कारखान्यात काम वाढलं, आमची मुलगी चिमणी शिकायला दूर गेली. खरं कारण आळस. तेही पूर्ण खरं नाही. चिमणी गेल्यापासून लिहायला बसलं की घर फारच शांत वाटायचं आणि उठून काहीतरी करावंसं वाटायचं.

पुन्हा सुरुवात करायला निमित्त आहे कुत्र्यांचं. आमचा दारं-खिडक्या करण्याचा कारखाना. मागे मोकळं आवार, तिथे फळ्यांच्या थप्प्या वाळत घातलेल्या, आणि त्याच आवाराच्या कडेला घर. गेल्या महिन्यात भर दुपारी कोणीतरी टेम्पो आत घेतला आणि अकरा फळ्या भरून नेल्या. मी तिथून तीस फुटांवर, थप्पीपलीकडे पाठमोरा बसून बिजागऱ्या निवडत होतो. टेम्पोचं इंजिन सगळा वेळ चालू होतं म्हणे. मिस्त्री जेवायला गेले होते, बायको बाजारात. शेजारच्या शिंपीणबाईंनी गच्चीवरून पाहिलं, पण मी तिथेच बसलेलो, तेव्हा त्यांना वाटलं आम्हीच विकल्या. कामात गढलो की मला भान राहत नाही. हा गुण की दोष, हे सत्तेचाळीस वर्षांत ठरवता आलेलं नाही.

बायको म्हणाली, राखणीला कुत्री आणू. (वहीत तिला 'बायको'च लिहितो. नाव लिहिलं तर तिला कळेल, असं उगाच वाटतं.) मी म्हटलं, आधी फाटकावरची बेल नीट करू. ती घरात असली की वाजते, ती बाहेर गेली की वाजत नाही. कुठेतरी तार सैल असणार. वायरमन तीनदा येऊन गेला. तिन्ही वेळा म्हणाला, बेल चांगली आहे. शेवटच्या वेळी मी त्याला दोन गिऱ्हाइकांसमोर बोललो, की काम येत नसेल तर तसं सांगावं. त्यानं पिशवी उचलली आणि गेला. जरा जास्तच झालं का माझं? पण बेल वाजत नाही हे तर खरंच.

५ फेब्रुवारी

प्राण्यांच्या आश्रयघरात जाऊन आलो. गावाबाहेर, लांबलचक पत्र्याची शेड. तिथल्या बाई चालता चालता बोलतात आणि मागे वळून बघत नाहीत. बायको त्यांच्याबरोबर पुढे, मी मागे. बायकोनं नंतर सगळं सांगितलं.

डोंगरात मेंढ्यांचे कळप राखणारी ही जात. ही दोन कुत्री एका म्हाताऱ्या मेंढपाळाकडे सात वर्षं होती. त्याचे गुडघे गेले, मेंढ्या गेल्या, कुत्री इथे आली. नर पांढराशुभ्र, उभा राहिला की पाठ माझ्या कमरेला लागते. नाव कापूस. मादी जरा लहान, राखाडी-काळी, नाव मिरी. मी कुंपणाशी गेलो तेव्हा कापूस पाठमोरा झोपला होता. मिरीनं मला पाहिलं, उठली, जाऊन त्याच्या खांद्याला नाकानं एक ढुशी दिली. तो उठला, वळला आणि दोघं शेजारी शेजारी येऊन उभे राहिले. भुंकणं नाही, शेपटी हलवणं नाही. नोकरीसाठी मुलाखतीला गेल्यासारखं मलाच वाटलं.

अट एकच. नेलीत तर दोघं, परत आणलीत तर दोघं. तीस दिवस ठेवून बघायचं, निरीक्षणं लिहायची, मग कागदावर सही. मी ही वही वापरायची ठरवली आहे.

८ फेब्रुवारी

आली. आल्या आल्या घरात शिरली नाहीत. आधी आवाराची पूर्ण कड चालून आली, मिरी पुढे, कापूस तिच्या उजव्या बरगडीला बरगडी लावून. प्रत्येक थप्पी हुंगली. मग फाटकाशी भिंतीला पाठ लावून कापूस बसला आणि कारखान्याच्या उंबऱ्यावर मिरी.

मिस्त्री रंधा मशीन बंद करून बाहेर आले. कानातले कापसाचे बोळे काढले. (मशीनवर ते नेहमी बोळे घालतात. मी कधी घातले नाहीत. लाकडाचा आवाज ऐकल्याशिवाय रंधा बरोबर चाललाय हे कसं कळणार?) थोडा वेळ बघत राहिले आणि माझ्यासमोर येऊन म्हणाले, "भाऊ, कुत्री आणायला गेला होता ना? ही वासरं कुणाची उचलून आणलीत?"

११ फेब्रुवारी

ही दोघं काम कसं करतात ते बघण्यात माझा अर्धा दिवस जातो आणि त्याचं वाईट वाटत नाही. मी वीस वर्षं माणसांकडून काम करून घेतोय. इतकी नीट वाटणी कधी पाहिली नाही.

दोघं एकाच वेळी गाढ झोपत नाहीत. एक पडला की दुसरा डोकं वर ठेवून. पडतात तेही पाठीला पाठ टेकवून, थंडीमुळे असेल. मिरी टेहळणी करते. रस्त्यावर काही वेगळं घडलं की ती आधी कापसाला ढुशी देते, मगच भुंकते. कापूस उठतो, ती ज्या दिशेला बघते त्या दिशेला बघतो आणि चालू लागतो. धावत नाही. साठ किलोचा प्राणी शांतपणे आपल्याकडे चालत येतोय हे दृश्य पुरेसं असतं. आज भंगारवाला फाटकातून एक पाऊल आत आला आणि तेच पाऊल परत घेऊन गेला. कापसानं तोंडही उघडलं नव्हतं.

मिस्त्री म्हणतात, ती मुकादम आणि तो हमाल. बायको म्हणाली, बहुतेक संसारात असंच असतं.

चिमणीचा फोन आला होता. तिकडची लाइन हल्ली फारच वाईट आहे. तीच म्हणाली, बाबा, मी लिहूनच पाठवत जाते. बरं झालं. लिहिलेलं पुन्हा वाचता येतं.

१४ फेब्रुवारी

शिकवण सुरू. ग्रंथालयातून पुस्तक आणलं. त्यात दोन गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. जोडी असली तर एकेकाला वेगळं शिकवावं, आणि हुकूम केवळ आवाजाने द्यावा, हातवारे करू नयेत, नाहीतर कुत्रा हातांचा गुलाम होतो.

मिरी दहा मिनिटांत 'बस' शिकली. कापसाला घराच्या पलीकडे नेलं, हात पाठीमागे बांधले आणि तीस वेळा 'बस' म्हटलं. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी एक पाऊल बाजूला गेलो की तो घाबरल्यासारखा मान फिरवून मिरीला शोधायचा. तिला आणून शेजारी उभं केलं. 'बस' म्हटल्यावर ती बसली, आणि तिच्याकडे बघून तोही बसला.

म्हणजे येतं, पण करायचं नाही. हा हट्ट मला ओळखीचा वाटतो. बायको माझ्याबद्दल हेच म्हणते.

१५ फेब्रुवारी

कापूस: चाळीस वेळा. शून्य.

मी ओरडलो. त्याला काही वाटलेलं दिसलं नाही, मलाच वाटलं. ओरडणं पुस्तकात बसत नाही आणि स्वभावातही बसू नये.

१८ फेब्रुवारी

नवीन अडचण. मिरी मला ढुशी देऊ लागली आहे. गुडघ्याच्या मागे, चांगली जोरात. आज लक्ष ठेवून टिपून ठेवलं.

सकाळी मशीनशी उभा असताना. मागे वळलो, मिरीला दटावलं, तर दारात एक गिऱ्हाईक उभं. बराच वेळ उभं असावं, चेहरा त्रासलेला होता. अकराला चहा पिताना. तेव्हा काहीच नव्हतं, नुसता टेबलावर फोन होता, आणि नंतर पाहिलं तर त्यावर चिमणीचे दोन संदेश येऊन पडलेले. दुपारी बायको देवळीतली बरणी काढत होती, ती 'धर ना जरा' म्हणत असावी, कारण बरणी पडता पडता राहिली. त्याच वेळी मिरीची ढुशी. कूकर लावून बायको शेजारी गेली होती, शिट्टी झाली की गॅस बंद कर असं सांगून. मी तिथेच वाचत बसलो होतो. शिट्टी काही झाली नाही, डाळ मात्र खाली लागली. त्या कूकरच्या शिट्टीतही काहीतरी बिघाड आहे. मिरीनं तेव्हा तर चार ढुशा दिल्या, वासानं असेल.

हे खाण्यासाठी मागणं आहे असा माझा अंदाज. पुस्तक म्हणतं, अशा वेळी पूर्ण दुर्लक्ष करावं, सवय मोडते. उद्यापासून दुर्लक्ष.

बायकोलाही अलीकडे अशीच एक सवय लागली आहे. बोलण्याआधी माझ्या बाहीला हात लावते. ती सवय मोडायची मला इच्छा नाही.

२१ फेब्रुवारी

बायको हल्ली गुणगुणत नाही. आज स्वयंपाकघरात ती पाठमोरी होती आणि एकदम लक्षात आलं. पूर्वी पोळ्या करताना सारखं काही ना काही चालायचं. चिमणी गेल्याचा परिणाम असावा. विचारावं म्हटलं, पण विचारलं तर ती मुद्दाम गुणगुणेल आणि ते आणखी वाईट.

मिरी कापसाच्या डोळ्यांतली घाण चाटून साफ करते. रोज सकाळी, दोन्ही डोळे, एक झाला की दुसरा. तो मान खाली करून लहान मुलासारखा उभा राहतो. आम्ही मशीनला तेल देतो तितक्याच नियमानं. मिस्त्रीही बघत होते. म्हणाले, "एवढं एकमेकांना धरून आमच्या घरात कोणी नाही."

२४ फेब्रुवारी

कापूस बहिरा आहे.

जनावरांच्या डॉक्टरांकडे नेहमीच्या तपासणीला नेलं होतं. मी कापसाच्या हट्टाची तक्रार सांगितली. डॉक्टर ऐकत होते, मग त्यांनी मिरीला बाहेर पाठवलं, आणि एक स्टीलचं ताट आणि चमचा घेऊन दाराआड गेले. ताटावर चमचा मारला. कापसाचा कानही हलला नाही. आणखी दहा वेळा, लांबून, जवळून. मी कापसासमोर उभा होतो आणि त्याचंच तोंड न्याहाळत होतो. खरं सांगायचं तर मलाही तो आवाज फार लांबून आल्यासारखा वाटला. दार जाड असावं. बाहेरच्या खोलीत मिरी मात्र प्रत्येक ठोक्याला उठून दारावर पंजे मारत होती म्हणे. तिला त्याच्यापर्यंत पोहोचायचं होतं, निरोप द्यायला.

जन्मापासून असेल की नंतर गेलं असेल, सांगता येत नाही म्हणाले. पांढऱ्या कुत्र्यांत कधी कधी असतं. आश्रयघराच्या बाईंना कळलं नाही, कदाचित मेंढपाळालाही नाही. "बरोबरचं कोणीतरी झाकून घेतं," डॉक्टर म्हणाले. "इतकं बेमालूम, की ज्याचं झाकलं जातं त्यालाही वाटतं, आपलं सगळं ठीक चाललंय."

बायको तेव्हा माझ्याकडेच का बघत होती कळलं नाही. शर्टाला भुसा लागलेला असेल.

पाठीला पाठ लावून का झोपतात ते आता समजलं. ती हलली की त्याला कळावं म्हणून. मी थंडीचं नाव देऊन मोकळा झालो होतो. आणि त्या चाळीस हुकमांचं काय? ज्याला ऐकूच येत नाही त्याच्यावर मी हात पाठीमागे बांधून ओरडलो. उद्या त्याची माफी कशी मागायची, ते पुस्तकात नाही.

२५ फेब्रुवारी

आता विचार करायला हवा, आणि भावना बाजूला ठेवून. राखणीचा कुत्रा बहिरा असेल तर तो राखण कशी करणार? मिरी आजारी पडली तर? आधी गेली तर?

मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, तो आल्यापासून एक ढलपीसुद्धा हललेली नाही, मग तो कानानं राखतो की नाकानं, याच्याशी आपल्याला काय करायचंय. बायकोला विचारलं. ती भाजी निवडत होती. निवडणं थांबवून समोर येऊन बसली.

"बहिरा आहे म्हणून परत पाठवायचं?"

मी म्हटलं, तसं नाही, पण कामाचा प्रश्न आहे.

"एकानं दुसऱ्याचे कान व्हायचं, यात बिघडलं काय रे?"

आणि आत निघून गेली. वाक्य चांगलं होतं. पण एका कुत्र्याच्या बाबतीत ती इतकं मनाला का लावून घेते आहे, ते समजत नाही.

२७ फेब्रुवारी

बायकोला आश्रयघरात फोन करायला लावला. (त्या बाईंचा आवाज फोनवर फारच बारीक येतो.) एकटी मिरी ठेवता येईल का? उत्तर, नाही. अपेक्षितच होतं, आणि विचारल्याची लाज वाटली. कापसाला परत पाठवून मिरीला ठेवणं म्हणजे काय, हे दोन दिवस तिला बघितलेल्या माणसालाही कळेल. मला वीस दिवसांनंतरही विचारावंसं वाटलं, याची नोंद असू दे.

मग दोघांनाही परत करणं हाच प्रामाणिक मार्ग. कारणं दोन. एक, कापसाचे कान. दोन, मिरीच्या ढुशा. त्या कमी झालेल्या नाहीत, वाढल्यात. आज करवत चालू असताना तिनं ढुशी दिली. मी हात वेळेत मागे घेतला, पण कधीतरी घेता येणार नाही. अशी कुत्री कारखान्यात नको.

कागदावर 'स्वभावाबद्दल निरीक्षणं' अशी चौकट आहे. तीत पेन्सिलीनं लिहिलं, 'मादी विनाकारण ढुशा देते.' दहा तारखेला नेऊन सोडायची.

बायकोनं ऐकलं आणि कपडे वाळत घालायला गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. मिरी आणि कापूस खिडकीखाली पाठीला पाठ लावून पडलेत. त्यांच्याकडे बघत मी हे लिहितोय आणि आपण बरोबर करतोय याची मला अजिबात खात्री नाही.

३ मार्च

जसं घडलं तसं क्रमानं लिहितो.

सकाळी नवीन लाकूड घेऊन ट्रक येणार होता. शेडमध्ये मिस्त्रींचं रंधा मशीन चालू. मी दुसऱ्या थप्पीशी उभा राहून फळ्यांमधला ओलावा यंत्रानं मोजत होतो आणि आकडे एका छोट्या वहीत लिहीत होतो. पाठ फाटकाकडे. मिरीची ढुशी आली. ठरल्याप्रमाणे दुर्लक्ष केलं. दुसरी आली. तिसरी इतकी जोरात, की पेन सुटलं. मी वाकून पेन उचललं आणि 'नाही' असं कडक आवाजात म्हटलं. मिरी पळत गेली. मला वाटलं, शेवटी समजलं एकदाचं.

ती कापसाला आणायला गेली होती. पुढच्या क्षणी दोघं माझ्या डाव्या बाजूला आली आणि रेलली. चावणं नाही, उडी नाही, फक्त भार. शंभर किलो. मेंढीला कड्यापासून असंच बाजूला सारत असतील. मी एक पाऊल हललो, मग दुसरं, रागानं त्यांच्या मानेवर हात मारले, वही पडली, आणि ती मला तसंच ढकलत थेट भिंतीपर्यंत घेऊन गेली.

वळून पाहिलं तर मी जिथे उभा होतो तिथे ट्रकचं मागचं चाक होतं. वहीवरून ते गेलेलं होतं.

मी ड्रायव्हरला म्हणालो, मागे घेताना हॉर्न वाजवता येत नाही का? त्याचा चेहरा पांढरा पडलेला. तो आरशात बघून पुन्हा पुन्हा सांगत होता की आरशात मी दिसत नव्हतो आणि हॉर्न त्यानं तीनदा वाजवला. मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते मशीन टाकून धावत आले होते, कानातले बोळे तसेच. म्हणाले, "वाजवला. मीही ओरडत आलो." बोळ्यांतून त्यांना ऐकू गेलं होतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात पिठाचे. तिलाही तिथे ऐकू आलं होतं.

मी म्हटलं, मशीन चालू होतं. मग मिस्त्री माझ्या अगदी समोर आले आणि हळू बोलले. त्यांच्या ओठांवरून मला प्रत्येक शब्द कळला.

"भाऊ, गेली तीन वर्षं आम्ही सगळे तुमच्या समोर येऊनच बोलतो. तुमच्या ध्यानात आलं नाही?"

नाही आलं. हे मी लिहून ठेवतो.

४ मार्च

सुट्टी. मशीन बंद. दुसऱ्याचं ऐकून स्वतःबद्दल काही मान्य करायचं, आणि तेही न तपासता, हे मला जमत नाही. म्हणून बायकोला म्हटलं, डॉक्टरांनी कापसाची घेतली तशी माझी परीक्षा घे.

मी टेबलाशी, तोंड भिंतीकडे. ती माझ्या मागे, हातात ताट आणि चमचा. तिला वाटेल तेव्हा तिनं ठोका मारायचा आणि तिच्या कागदावर रेघ ओढायची. मला ऐकू आला की मी माझ्या कागदावर. कागद जुळवले. तिच्या एकोणीस रेघा, माझ्या अठरा.

मला इतका आनंद झाला की मी तिला म्हटलं, बघ. तिनं टेबलाखाली बोट दाखवलं. मिरी माझ्या पायाशी बसली होती. प्रत्येक ठोक्याला तिनं पोटरीला नाक लावलं होतं, आणि मी त्यालाच ऐकणं समजलो होतो. खोटं नव्हतो वागत. खरोखर मला आवाज आल्यासारखं वाटत होतं. एक ठोका चुकला तेव्हा ती कान खाजवत होती म्हणे.

पहिली परीक्षा बाद. मिरीला बाहेर ठेवून दार लावलं. पुन्हा एकोणीस ठोके. माझ्या रेघा सहा. त्यातली एक ठोका नसतानाची.

तोवर मिरी दारावर पंजे मारत होती. तेही मला बायकोनं सांगितलं.

दोन्ही कागद इथे चिकटवले आहेत. बायको म्हणाली, दोनदा सांगितलं होतं तुला, कान दाखवून ये. आठवलं. एकदा जेवताना, एकदा चिमणीला सोडून परत येताना. दोन्ही वेळा मी तो टोमणा समजलो होतो आणि 'लक्ष देतो इथून पुढे' असं म्हणालो होतो. मग तिनं टेबलाचा खण उघडला आणि कानाच्या डॉक्टरांचं कार्ड काढून दिलं. कोपरे मऊ झालेले होते. तिनं काही ऐकवलं नाही. मी विचारलं, मग तू इतके दिवस काय केलंस?

"काय करणार? उठून जवळ यायला लागले."

६ मार्च

काल दवाखान्यात गेलो. एका छोट्या बंद खोलीत कानाला यंत्र लावून बसवतात. बारीक, उंच आवाज गेलेत. बेल, शिट्टी, चमचा, मुलीचा फोनवरचा आवाज. बावीस वर्षं रंध्याशेजारी उघड्या कानांनी उभं राहिल्याचा हा हिशेब. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपता येईल. वापरून बघायला दोन छोटी यंत्रं दिली आहेत. मिस्त्रींनी आज सकाळी मला कापसाचे दोन बोळे दिले, आपल्या डबीतले. मशीन चालू करण्याआधी यंत्रं काढून बोळे घातले. रंधा बरोबर चाललाय की नाही, ते हात लावूनही कळतं. वीस वर्षं ते तसंच करत आले आहेत.

यंत्रं लावून चाललो तेव्हा पहिल्यांदा माझ्याच चपलांचा आवाज आला, मग कागदाचा, मग कसला तरी टिकटिक आवाज, जो भिंतीवरच्या घड्याळाचा निघाला. ते बंद पडलंय असं मी समजत होतो आणि वेळ मात्र त्यातच बघत होतो. स्वयंपाकघराशी आलो. बायको पाठमोरी पोळ्या लाटत होती आणि गुणगुणत होती. मी विचारलं, पुन्हा कधीपासून सुरू केलंस? ती वळली. म्हणाली, "बंद कधी केलं होतं?"

मी तिथेच उभा राहून तिचं गाणं ऐकलं. मिरीनं दोनदा येऊन गुडघ्याला ढुशी दिली. पहिल्यांदाच तिला सांगता आलं, की ऐकलं.

कापसाला हातांनी शिकवायला घेतलं आहे. पुस्तक परत केलं. तळवा खाली केला की बस, मुठीचा अंगठा वर केला की शाबास. चार वेळांत शिकला. बसल्यावर माझ्या अंगठ्याकडे असं बघत राहतो, की तो दाखवला नाही तर आपण फार मोठा अन्याय करतोय असं वाटावं. त्याला सारखा अंगठा दाखवत असतो.

कागदावर सही केली. दोघांसाठी. चौकटीतलं पेन्सिलीचं वाक्य खोडलं आणि काय लिहावं याचा पाऊण तास विचार केला. मला त्यांच्याबद्दल खूप काही लिहायचं होतं आणि चौकट लहान होती. शेवटी लिहिलं, 'नराला ऐकू येत नाही. मादीला ते माहीत आहे. ती निरोप पोहोचवते.' मग खाली, बसेल इतक्या बारीक अक्षरात, 'मालकालाही पोहोचवते.' बायकोनं वाचलं आणि पोस्टात टाकायला स्वतः घेऊन गेली.

ती बाहेर असताना फाटकावरची बेल वाजली. मला ऐकू आली. सुतळीचा गठ्ठा घेऊन एक माणूस आला होता. तो गेल्यावर मीच बाहेर जाऊन ती दोनदा दाबून पाहिली. खणखणीत आहे. तार कुठेही सैल नाही.

उद्या: वायरमनच्या दुकानात जाणे, आणि बेल पहिल्यापासून चांगली होती हे त्याला गिऱ्हाइकांसमोर सांगणे.